बाईंचा हशा आणि माझं बटण

प्रेक्षक हसले तेव्हा बाई अजून काच पुसत होत्या. विनोदाचं वाक्य त्यांच्या तोंडून यायचं होतं, आणि मी ते आधीच पडद्यावर पाठवून बसले होते.

हे घडलं योकोहामात, बंदराजवळच्या एका छोट्या नाट्यगृहात, शनिवारी दुपारी. बाई म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एक नटी. वय एकोणसत्तर, त्यातली पंचेचाळीस वर्षं टीव्हीवर आणि रंगमंचावर गेलेली. आणि मी म्हणजे नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागून पुण्याहून टोकियोत आलेली, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत नवव्या मजल्यावर राहणारी, एसीच्या मॅन्युअलची इंग्रजीतून जपानीत भाषांतरं करणारी एक बाई.

आमची गाठ पडली ती एका बाळामुळे. बाईंच्या एकपात्री प्रयोगाला जपानी सबटायटल्स दाखवणाऱ्या मुलीचं बाळंतपण तीन आठवडे आधीच झालं. प्रयोग तोंडावर आलेले. जपानी वाचता येणारं आणि बाईंचं इंग्रजी नुसतं ऐकून कळणारं माणूस हवं होतं. दोघं जण येऊन तालीम बघून हात जोडून गेले. बाई अर्धे शब्द गिळायच्या आणि उरलेल्यांना शेपूट लावायच्या. माझ्या भाषांतराच्या ऑफिसातल्या साहेबांना आठवलं की मी कधीतरी जेवताना म्हटलं होतं, पुण्यात तीन वर्षं कॉल सेंटरला होते, ऑस्ट्रेलियाची गिऱ्हाइकं, पहाटे चारची शिफ्ट. त्यांनी बुधवारी फोन केला आणि गुरुवारी मी योकोहामाच्या गाडीत होते.

मी माझी ही पात्रता बाईंना सांगितली. उंच, पांढऱ्या केसांचा बॉयकट, पायात ट्रकवाल्यांसारखे बूट. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे इंटरनेट बंद पडल्यावर मला चाळीस मिनिटं ताटकळत ठेवणारी ती तूच!"

"मधे गाणं वाजत होतं का?"

"होतं. भयंकर होतं."

"मग मीच असेन."

त्या मोठ्याने हसल्या आणि माझी नेमणूक झाली.

त्या नाट्यगृहात कुणाला नावानं हाक मारत नसत. स्टेज मॅनेजरला सगळे 'बुकान-सान' म्हणत, दिवे सांभाळणारी ती 'दिवे-सान', तशी मी झाले 'जिमाकु-सान', म्हणजे सबटायटल्सवाली. बाईंना मात्र सगळे नुसतं 'सेन्सेई', म्हणजे गुरू, म्हणत. मी मनातल्या मनात 'बाई' म्हणायचे, आपल्याकडे शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. इंग्रजीत तू-तुम्ही एकच, पण माझ्या कानाला त्या मला 'तू' म्हणत आणि मी त्यांना 'तुम्ही'.

काम ऐकायला सोपं होतं. नाटकातल्या वाक्यांच्या सहाशेच्या वर पाट्या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलेल्या होत्या. प्रेक्षागृहाच्या मागे, वरच्या काचेच्या खोलीत बसायचं. बाई वाक्य बोलायला लागल्या की बटण दाबायचं, की त्या वाक्याची पाटी त्यांच्या मागच्या पडद्यावर दिसते. मला वाटलं, यात काय आहे? घरी टीव्हीचा रिमोट मीच तर चालवते.

नाटक बाईंनी स्वतः लिहिलं होतं, त्यांच्या आईवर. आई ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात, एका लांबलचक रस्त्यावर एकटीने पेट्रोल पंप चालवायची. एका प्रसंगात शहरातला कुणी माणूस गाडी थांबवतो, उजाड माळाकडे बघतो आणि विचारतो, "इथे लोक संध्याकाळी करतात तरी काय?" आई त्याच्या गाडीची काच पुसत राहते. पुसून होते. मग म्हणते, "आज ना? आज तुमच्याकडे बघतील."

तालमीत बाई काच दोनदा पुसायच्या. त्या शनिवारी, पहिल्याच प्रयोगात, त्यांनी ती चार-पाच वेळा पुसली. मला वाटलं, विसरल्या. आणि त्यांना मदत करावी म्हणून मी बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं, प्रेक्षक खदखदून हसले. बाईंचा हात काचेवर थांबला. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं आणि सभागृहात अगदी सभ्य जपानी शांतता पसरली.

प्रयोगानंतर मी रंगपटात गेले. दारातूनच म्हटलं, "फार छान झालं."

बाई बूट काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तू माझा हशा घेतलास."

"मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"मी गप्प बसले म्हणजे विसरले असं नाही. ते गप्प बसणंही माझंच काम आहे. त्यासाठी मी भर उन्हाळ्यात रिकाम्या गोठ्यात तालमी केल्यात."

मी माफी मागितली, आधी इंग्रजीत आणि मग सवयीने कमरेत वाकून. परतीच्या गाडीत मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग. एवढं काय झालं? हसले ना लोक?

रविवारी मी इतकी जपून बसले की प्रत्येक पाटी उशिरा गेली. बाईंनी वाक्य म्हणून, हशासाठी थांबून, आशा सोडून पुढचं वाक्य सुरू केलं की मागून हसू यायचं. प्रयोगानंतर बाई काहीच बोलल्या नाहीत. ते आदल्या दिवशीपेक्षा वाईट होतं.

सोमवारी नाटकाला सुट्टी होती. सकाळी त्यांचा फोन आला.

"तुझ्या घरी टेबल आहे का?"

"आहे."

"मग पत्ता पाठव."

नवरा घरूनच काम करत होता. मी त्याला सांगितलं की नाटकातल्या बाई येतायत, तर म्हणाला, "अगं, माझी अकराला मीटिंग आहे!" आणि तरी हॉलमधल्या वाळत घातलेल्या कपड्यांचा स्टँड उचलून बाल्कनीत ठेवून आला. बाई बरोबर साडेअकराला आल्या. एकट्याच, दोन गाड्या बदलून, हातात कोम्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून घेतलेला पुडिंगचा डबा. बूट काढायला त्यांना पाच मिनिटं लागली.

मी थालीपीठ लावलं होतं, वर लोणी. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि मला वाटलं तिखट लागलं. "नाही," त्या म्हणाल्या, "मी आत्ता गप्प बसलेय. बघ, समजतंय का तुला."

मग खाता खाता त्यांनी सगळं सांगितलं. त्या पंपावर त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. जवळचं गाव दीड तासावर. वडील ट्रक चालवायचे. त्या नऊ वर्षांच्या असताना एका सकाळी "टायर बदलून आणतो" म्हणून निघाले ते परत आले नाहीत. आईने दुपारी नेहमीच्या वेळेला पंप उघडला. पुढे एकोणिसाव्या वर्षी बाई नर्स व्हायला शहरात गेल्या, झाल्याही. नट व्हायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांच्या हॉस्पिटलात एका टीव्ही मालिकेचे लोक आले, त्यांच्या नटीला पलंगावरची चादर नर्सेससारखी घालायला शिकवायची होती. बाईंनी शिकवलं. नटीला जमेना. बाई वैतागून म्हणाल्या, "सरका, मी करते." दिग्दर्शकाने ते बघितलं आणि नटीऐवजी ह्यांनाच उभं केलं.

"नऊ वर्षं मी टीव्हीवर नर्स होते," त्या म्हणाल्या. "दुकानात लोक मला बाही वर करून पुरळ दाखवायचे. आणि मी तपासायचे, कारण मला यायचंच की ते!"

"मग सोडलंत का?"

"मी कुठली सोडतेय? एक दिवस जेवणाच्या सुट्टीत पुढच्या भागाची संहिता हातात आली, त्यात मी बुडून मेले होते. मी आईला फोन केला. म्हटलं, आई, त्यांनी मला बुडवलं. तर ती म्हणाली, पण तुला पोहता येतं की!"

मी हसले. त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आत्ता बरोबर वेळेवर हसलीस. हेच, बाकी काही नाही."

चाळिशीनंतर कामं येईनाशी झाली. लग्न झालं होतं, तेही त्याच सुमारास संपलं. मग त्यांनी एक व्हॅन घेतली आणि गावोगावच्या शाळांतून दात घासण्याचं महत्त्व सांगणारं नाटुकलं करत फिरल्या. "सहा वर्षं मी किडकी दाढ होते," त्या म्हणाल्या.

"मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाड होते," मी म्हटलं.

"संवाद होते?"

"एक. 'मला तोडू नका.'"

"माझाही जवळजवळ तोच होता."

आई गेली तेव्हा बाई साठीच्या उंबरठ्यावर होत्या. दफनाला लांबलांबून ट्रकवाले आले. प्रत्येकाकडे आईचं काही ना काही बोलणं होतं. अमक्या साली मला ती असं म्हणाली, तमक्या रात्री तसं. बाईंनी ते कागदी रुमालांवर उतरवून घेतलं आणि त्याचं नाटक केलं. पहिला प्रयोग त्याच ट्रकवाल्यांसमोर, गावच्या हॉलमध्ये. तिथून शहरात, शहरातून परदेशात. इतकी वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या नर्सेस आणि दाढा केल्यावर पहिल्यांदाच लोक केवळ ह्यांना बघायला येत होते.

जेवण झाल्यावर मी ताटं उचलली आणि तालीम सुरू झाली. बाई स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, मी टेबलाशी टीव्हीचा रिमोट घेऊन बसले.

"कागदाकडे बघू नकोस. माझ्या डाव्या टाचेकडे बघ. बोलायच्या आधी ती उचलते. मला पूर्वी माहीत नव्हतं, एका दिग्दर्शकाने ओरडून ओरडून सांगितलं. ती सवय काही गेली नाही. आता तुझ्या कामी येईल."

आम्ही दोन तास तेच करत बसलो. दुपारी माझी लेक शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि जपानीत म्हणाली, "आई, या कोण?" मी मराठीत सांगितलं. ती बाईंच्या समोर जमिनीवर बसली आणि टाच उचलली गेली की टाळी वाजवायला लागली. तिची एकही टाळी चुकली नाही. माझ्या चार चुकल्या. नवरा हेडफोन काढून बाहेर डोकावला, बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, उशिरा दाबतेस तू."

"तू जा," मी म्हटलं.

मंगळवारपासून चित्र बदललं. टाच उचलली की बोट खाली. बाईंना काच चार वेळा पुसू दे नाहीतर सात वेळा, मी हलत नव्हते. बुधवारी त्यांनी म्हटलेलं उत्तर आणि पडद्यावरची पाटी इतक्या एका वेळेला आली की हशा दोन लाटांनी आला, आधी बाईंकडे बघणाऱ्यांचा आणि लगेच वाचणाऱ्यांचा. बाहेर पडताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ट्रकवाल्याच्या मुलीची थाप होती ती. मी दोन पावलं पुढे गेले.

आणि गुरुवारी त्या खरंच विसरल्या.

मधल्या एका प्रसंगात त्या थांबल्या. मी टाचेकडे बघत होते. टाच जमिनीला चिकटलेली. पाच सेकंद गेले, दहा गेले. त्यांचे हातही काही करत नव्हते. एवढ्या दिवसांत त्यांचं गप्प बसणं मला ओळखू यायला लागलं होतं, आणि हे त्यांचं नव्हतं. मग टाच उचलली गेली आणि त्या बोलू लागल्या, पण ते वाक्य चांगलं दोन पानं पुढचं होतं.

मी पडदा काळा केला. पाट्या पुढे सरकवत सरकवत वाक्य गाठलं आणि पुन्हा त्यांच्याबरोबर चालू लागले. हुश्श करते न करते तोच त्या मधेच थांबल्या आणि प्रेक्षकांकडे बघून म्हणाल्या, "माझं एक सांगायचं राहिलं. हे माझं नेहमी राहतं."

हे वाक्य संहितेत नव्हतं. गाळलेली पानं वडील निघून गेले त्या दिवसाची होती. आता बाई तेच सांगत होत्या, पण स्वतःच्या शब्दांत, पाठ केलेल्या नव्हे. पाट्यांचा काही उपयोग नव्हता. पडदा काळाच होता. प्रेक्षक त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते, बहुतेकांना एक अक्षर कळत नसणार. मी एक कोरी पाटी उघडली आणि ऐकता ऐकता टाइप करायला लागले. फार नाही. "वडील गेले." "मी विचारलं, कधी येणार?" "आई पायरीवर ढग बघत बसली." प्रत्येक ओळ टाइप करायची आणि पाठवायची, वाचून बघायला वेळच नव्हता.

तिसरी ओळ गेल्यावर पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग एकदम अनेक जण हसले. बाई दचकल्या, पण थांबल्या नाहीत. मी पडद्याकडे बघितलं. जपानीत ढगालाही 'कुमो' म्हणतात आणि कोळ्यालाही 'कुमो'. जाळं विणणाऱ्या कोळ्याला. कॉम्प्युटरने मला न विचारता दुसरा निवडला होता. आई पायरीवर कोळी बघत बसली होती.

प्रयोगानंतर मी रंगपटात गेले ते चुकीची कबुली द्यायलाच. बाई आरशासमोर बसल्या होत्या.

"हसले का ते? एवढ्या वाईट ठिकाणी?"

मी सांगितलं. मग त्या अशा हसल्या की त्यांना टेबल धरावं लागलं.

"अगं, कोळीच होते तिथे! छपराखाली हे एवढाले! ढग कुठले? आमच्याकडे वर्षातून चार ढग यायचे. ढग मी छान दिसावं म्हणून घातले होते."

एवढ्यात बुकान-सान दारात येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, कायम काळ्या कपड्यांत, आठवडाभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते मला जपानीत गंभीरपणे म्हणाले, "जिमाकु-सान, उद्यापासून ढग आहेत की कोळी, तेवढं ठरवून सांगा. दिवेवाल्यांना कळवावं लागेल."

बाईंना मी ते सांगितलं. त्या पुन्हा हसायला लागल्या, आणि हसता हसता कधी थांबल्या ते कळलंच नाही.

"हे तिसऱ्यांदा झालं," त्या म्हणाल्या. "पानंच्या पानं गळून जातात. गेल्या वर्षी घरच्या प्रयोगात झालं तेव्हा मी म्हटलं, थकवा असेल. थकवा नाहीये तो. ही शेवटची फेरी आहे माझी. कुणाला सांगितलं नाहीये."

मराठीत काहीतरी सुचलं असतं, इंग्रजीत सगळं कॉल सेंटरसारखं वाटत होतं. म्हणून मी कामाचं बोलले. म्हटलं, सेटवर पंपाजवळ ती हत्यारांची पेटी असते, तिच्यात एक टॅबलेट ठेवू या. मी बटण दाबलं की मागे जपानी पाटी जाईल आणि पेटीत तुमचं इंग्रजी वाक्य येईल, पुढच्या वाक्यासकट.

"नाही," त्या ताडकन म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षांत मी चिठ्ठी घेऊन रंगमंचावर गेलेली नाही."

शुक्रवारी सकाळी मी नाट्यगृहावर पोहोचले तर बाई आधीच रंगमंचावर होत्या, पेटी उघडून, मांडी घालून. "अक्षर मोठं कर," त्या म्हणाल्या. "आणि त्या बुकान-सानना सांग, ही पेटी मी सोडून कुणी उघडायची नाही."

उरलेल्या तिन्ही प्रयोगांत त्या एकदाही अडल्या नाहीत. पेटीत बघितलं असेल तर फक्त एकदा, शनिवारी, पाना शोधायच्या निमित्ताने. मला खात्री नाही. ढगांचे मात्र कोळी झाले ते कायमचे. तिथे हसू यायचं, आणि त्याच हसण्यावर बाई पुढचं वाक्य इतकं हळू म्हणायच्या की सभागृह एकदम गप्प व्हायचं. रविवारी शेवटच्या प्रयोगाला नवरा आणि लेक आले होते. ते वाक्य आलं तेव्हा लेकीने बाबाचा हात धरला, असं नवऱ्याने मला नंतर सांगितलं.

प्रयोग संपल्यावर तासाभरात सेट उतरवला. तिथे सगळ्यांनी हात लावायचा असतो, बाईंनीसुद्धा पंपाचा पाइप गुंडाळून खोक्यात भरला. सगळे एकमेकांना वाकून "ओत्सुकारेसामा" म्हणाले, म्हणजे आपण कसं म्हणतो, दमलात हो. बुकान-साननी बाईंना एक छोटं पाकीट दिलं. आत ट्रकवाले गाडीत लटकवतात तसा देवळातला ताईत होता. बाईंनी त्यांना मिठीच मारली. ते काठीसारखे ताठ उभे राहिले, पण मागे सरले नाहीत.

त्यानंतर मला नाटकांची कामं मिळू लागली. बुकान-साननीच दोन ठिकाणी नाव सुचवलं होतं. एसी अजून सुटलेले नाहीत, पण वर्षातून चार-पाच वेळा मी त्या काचेच्या खोलीत जाऊन बसते. बाईंनी घरी परतल्यावर रंगमंच सोडल्याचं जाहीर केलं आणि बोलकी पुस्तकं करायला घेतली. समोर कागद ठेवून वाचायचं, पाठ करायला नको. पत्रात लिहिलं होतं, "आवाजाला अजून कुणी म्हातारा म्हटलेलं नाही."

गेल्या महिन्यात त्यांनी मला एका पुस्तकाची फाइल पाठवली. रविवारी भाजी निवडताना लावली, तर लक्षात आलं की चुकून कच्चं रेकॉर्डिंग आलंय. मधेच पान उलटल्याचा आवाज. मधेच शेजाऱ्याच्या गवत कापायच्या यंत्राला घातलेली कचकचीत शिवी. एका जागी तेच वाक्य त्यांनी अकरा वेळा म्हटलंय, प्रत्येक वेळी थोडं वेगळं, आणि अकराव्यांदा स्वतःशीच म्हणाल्यात, "हां, हे."

मी त्यांना चूक कळवली नाही. भाजी कधीच निवडून झाली होती. मी शेवटपर्यंत ऐकत बसले.